डॅन्यूबवरची आमची पहिली रिव्हर क्रूझ: व्हिसा, खर्च आणि काठाकाठानं खाल्लेलं

२०२३ च्या दिवाळीत फराळ करताना ताई म्हणाली की एकदा कुठंतरी लांब जाऊ या, पण मला रोज बॅग भरायची नाही, रोज हॉटेल बदलायचं नाही आणि गुडघ्यांना झेपेल असंच काहीतरी बघ. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, बँकेतून रिटायर झालेली, शुद्ध शाकाहारी आणि गुरुवार करणारी. मी सगळं खाते आणि कुठल्याही गावी गेले की आधी तिथली मंडई बघते. दोघींना एकत्र जमेल असं शोधता शोधता रिव्हर क्रूझ सापडली. म्हणजे समुद्रातली ती हजारो माणसांची जहाजं नाहीत, नदीतून जाणारी लांबट बोट, दीडशे-पावणेदोनशे माणसं, रात्री बोट चालते आणि सकाळी नवं गाव, तेही गावाच्या मध्यावर. खोली तीच, बॅग एकदाच उघडायची.

मराठीत याबद्दल मला फारसं काही मिळालं नाही म्हणून सगळं लिहून काढतेय, कागदपत्रांसकट.

आम्ही घेतला तो रूट जर्मनीतलं पासाउ ते हंगेरीतलं बुडापेस्ट, सात रात्री. तारीख १८ मे २०२४. मे महिनाच का, तर डॅन्यूबच्या त्या भागात एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत श्पार्गेलचा, म्हणजे पांढऱ्या अॅस्परॅगसचा सीझन असतो आणि मला तो तिथं जाऊन खायचा होता. ताईचं म्हणणं, अगं ऐन आंब्याच्या दिवसांत घर सोडायचं? पण एप्रिलमध्ये थंडी आणि जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, म्हणून शेवटी मेच ठरला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्याच एका एजंटकडून बुकिंग केलं, २५ टक्के तेव्हा आणि बाकीचे निघण्याआधी दोन महिने. माणशी १ लाख ६२ हजार, त्यावर ५ टक्के जीएसटी आणि वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर. टीसीएस हा रिटर्न भरताना वळता होतो, फक्त एजंटनं तुमच्या पॅनवर बरोबर भरलाय ना ते फॉर्म २६एएसमध्ये बघून घ्या. हा दर आम्ही गेलो तेव्हाचा, मधे नियम बदललेत, त्यामुळे बुक करताना विचाराच. खोली आम्ही सगळ्यात खालच्या डेकची घेतली. तिथं खिडकी छोटी, वर आणि न उघडणारी असते, पाणी जवळजवळ खिडकीला लागून जातं. वरच्या मजल्यावर 'फ्रेंच बाल्कनी' म्हणून ज्याचे जास्तीचे पैसे घेतात ती बाल्कनी नसते, सरकतं दार आणि पुढं कठडा एवढंच, खुर्ची टाकायला जागा नाही. आम्ही खोलीत फक्त झोपायलाच होतो, तेव्हा ते पैसे वाचवले त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

आता व्हिसा. मला सगळ्यात जास्त टेन्शन याचंच होतं. चार देश, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, पण सगळे शेंगेनमध्ये, त्यामुळे व्हिसा एकच. प्रश्न हा की अर्ज कुठल्या देशाकडं करायचा. नियम असा की ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडं, आणि दिवस सारखेच असतील तर जिथं पहिल्यांदा शिरणार त्याच्याकडं. आम्ही उतरणार म्युनिकला म्हणून मी आधी जर्मनी धरून बसले होते, ताईनं कागद घेऊन रात्री मोजल्या तर ऑस्ट्रियाच्या चार निघाल्या आणि बाकीच्यांच्या एकेक-दोनदोन. म्हणून ऑस्ट्रिया. (तुमची बोट पुढं बेलग्रेडपर्यंत जाणारी असेल आणि तिथून परत शेंगेनमध्ये यायचं असेल तर मल्टिपल एंट्री लागते, हे आधीच बघा.)

२ फेब्रुवारीला अपॉइंटमेंट शोधायला बसले तर मुंबईची तारीख मिळाली ती थेट २६ फेब्रुवारीची. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, त्यामुळे माझ्यासारखं थांबू नका, मधले साडेतीन आठवडे नुसती धाकधूक. कागद असे: पासपोर्ट (परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने व्हॅलिड, दोन पानं कोरी), ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, माझं ऑफिसचं रजेचं पत्र आणि सॅलरी स्लिप, ताईचे पेन्शनचे कागद, विमान तिकीट, पासाउच्या हॉटेलचं बुकिंग, किमान ३० हजार युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स (दोघींचा मिळून ३,४०० रुपये) आणि बोटीचं बुकिंग. गाडी अडली ती बोटीपाशी. एजंटनं दिलेल्या कागदावर नुसतं 'सात रात्री, पासाउ ते बुडापेस्ट' एवढंच होतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, कुठल्या रात्री कुठल्या देशात? माझ्याकडं उत्तर होतं पण कागद नव्हता. एजंट फोन उचलेना. ताईनं शांतपणे पर्समधून स्वतः हातानं केलेला तक्ता काढला, तारीख, बंदर, देश, पण त्यांना तो कंपनीच्या लेटरहेडवर हवा होता. शेवटी आम्ही दोघींनी बाहेर जाऊन बोट कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसला ईमेल केला, दोन दिवसांनी पत्र आलं आणि ते नंतर जमा केलं. तेव्हा एक सांगते, रात्रीगणिक बंदरांची यादी, कंपनीच्या लेटरहेडवर, दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे, हे बुकिंगच्या दिवशीच मागून घ्या.

फी आम्हाला ८० युरो पडली, जून २०२४ पासून ती ९० झालीय, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज. १२ मार्चला पासपोर्ट आले. पाकीट उघडताना माझा हात थरथरत होता, ताई म्हणाली आण इकडं, आणि तिनंच फाडलं. दोघींचा व्हिसा होता. त्या दिवशी घरी शिरा केला.

बॅग भरताना ताईचा जीव आंब्यात अडकलेला. पेटीतले सहा हापूस तरी घेऊ, बोटीवर पिकतील. पण युरोपात बाहेरून ताजी फळं नेता येत नाहीत, केळी, नारळ, अननस, खजूर असली दोन-चार सोडून, बाकीच्याला सर्टिफिकेट लागतं. दूध आणि मांसाचं काहीही चालत नाही, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा सगळं बाद. आम्ही नेलं ते असं: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, गुळातले राजगिऱ्याचे लाडू आणि आंब्याऐवजी आंबापोळी, रत्नागिरीहून आलेली, दोन पाकिटं. या आंबापोळीचं पुढं येतंच.

१३ मेला पुण्यात लोकसभेचं मतदान केलं आणि १६ च्या रात्री मुंबईहून निघालो. तिकीट जाताना म्युनिक आणि येताना बुडापेस्ट असं काढलं होतं, माणशी ६८ हजार. एकाच गावाचं जाऊन-येऊन तिकीट स्वस्त दिसतं पण मग बुडापेस्टहून परत म्युनिकला यायला दिवस आणि पैसे दोन्ही जातात.

म्युनिक एअरपोर्टहून पासाउला रीजनल ट्रेननं गेलो. बायर्न-तिकीट म्हणून एक दिवसभराचं तिकीट मिळतं, त्यात बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या सगळ्या रीजनल गाड्या चालतात, दोघं मिळून काढलं तर फारच परवडतं, पण शनिवार-रविवार सोडून इतर दिवशी सकाळी ९ नंतरच चालतं आणि त्यावर नाव लिहावं लागतं. आम्ही शुक्रवारी उतरलो, इमिग्रेशनमधून बाहेर पडेपर्यंत नऊ वाजूनच गेले होते. बोट शनिवारी असली तरी आम्ही एक रात्र आधी पोचलो. विमान लेट झालं तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून हा एक रात्रीचा खर्च कराच.

पासाउला तीन नद्या मिळतात. डॅन्यूब, आल्प्समधून येणारी इन आणि छोटी इल्झ. टोकाला उभं राहिलं की तिघींचे रंग वेगळे दिसतात, इन दुधाळ हिरवट, इल्झ दलदलीतून येते म्हणून काळसर आणि मधे डॅन्यूब. ताई बराच वेळ तिथं हात जोडून उभी होती. आम्ही मूळच्या सांगलीकडच्या, संगमावर गेल्यावर आपोआपच हात जोडले जातात. आणि पूर आम्हाला नवा नाही, त्यामुळे टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा रंगवलेल्या दिसल्यावर पाय तिथंच थांबले. सगळ्यात वर १५०१ ची, तिच्या जरा खाली २०१३ ची, १२.८९ मीटर. मान वर करून बघावी लागते.

त्याच संध्याकाळी श्पार्गेल खाल्ला. नदीजवळच्या एका साध्या खानावळीत बाहेर खडूनं पाटी लिहिलेली. आत काउंटरमागं एक आजी स्टुलावर बसून मांडीवर पातेलं घेऊन श्पार्गेल सोलत होत्या. एका हातात देठ आडवा धरलेला, दुसऱ्या हातात सोलाणं, शेंड्याच्या जरा खालपासून बुडाकडं एकच लांब ओढ, देठ थोडा फिरवायचा, परत ओढ. पांढऱ्या श्पार्गेलचं साल चामट असतं, ते पूर्ण निघालं नाही तर तोंडात दोरे येतात. आपण शेवग्याच्या शेंगा सोलतो तसंच, पण कितीतरी हळुवार, कारण देठ जरा वाकवला तरी मोडतो. तो पांढरा राहतो कारण मातीचे उंच वरंबे करून त्याच्या आतच वाढवतात, शेंडा ऊन बघायच्या आत हातानं कापून काढायचा. ताट आलं त्यात आठ जाड देठ, उकडलेले छोटे बटाटे आणि वितळलेलं लोणी. बस. १९ युरो ५० सेंट. चव कशी सांगू, कोवळ्या मक्याचा गोडवा आणि शेवटी अगदी किंचित कडवटपणा, शेंडा तर जिभेवर विरघळतोच. ताईनं आधी माझ्या ताटातला एक घेऊन बघितला आणि मग स्वतःसाठी मागवला.

आजींनी बोटांवर मोजून दाखवलं, २४ जून. त्या दिवशी श्पार्गेल काढणं बंद, मग उरलेले देठ वाढू द्यायचे म्हणजे मुळांना पुढच्या वर्षासाठी ताकद येते. मला एकदम घर आठवलं, मृगाचा पाऊस पडला की आंबा संपला म्हणणारी आमची आई.

शनिवारी दुपारी चारला बोटीवर चढलो. बॅगा ते नेतात. पासपोर्ट रिसेप्शनला जमा करून घेतात, घाबरू नका, शेवटी परत देतात, झेरॉक्स मात्र जवळ ठेवा. साडेसहाच्या सुमारास बोट सुटली आणि दीड-दोन तासांनी पहिलं लॉक आलं, जोखेनस्टाइनचं. पासाउ ते बुडापेस्ट अशी अकरा लॉक्स आहेत. धरणाशेजारी काँक्रीटचा हौद, बोट आत गेली की दारं बंद होतात आणि पाणी सोडून देतात, बोट अख्खी खाली उतरते. तिथं दहाएक मीटर उतरलो. वरच्या डेकवर उभं राहिलं तर ओली शेवाळलेली भिंत हातभर अंतरावरून वर सरकत जाते आणि गार वास येतो. आवाज जवळजवळ नाहीच. बाकीची बरीचशी लॉक्स रात्री झोपेत गेली, कधीतरी फक्त बोट हलकेच भिंतीला टेकल्याचं कळायचं.

पहिल्या रात्री जेवणात ताईची पंचाईत झाली. शाकाहारी असं एजंटला दोनदा लिहून दिलं होतं, बोटीवर ते पोचलंच नव्हतं. सूप आलं फ्रिटाटेनझुपे, नितळ रस्सा आणि त्यात धिरड्याच्या शेवयांसारख्या पट्ट्या. बघताना शंभर टक्के शाकाहारी. मी चमचा तोंडात घातला आणि तिचा हात धरला, ताई थांब. ते पाणी बीफच्या हाडांचं असतं. मग ग्रिल केलेली वांगी-झुकिनी आली, दुसऱ्या दिवशी दुपारीही तीच. तेव्हा मी रेस्टॉरंट मॅनेजरला जेवणाच्या वेळेच्या आधी, रिकामा असताना गाठलं आणि कागदावर लिहून दिलं: मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं पाणी नाही, डुकराची चरबी नाही, जिलेटिन नाही, दूध-दही-चीज चालेल, अंडं केकमधलं चालेल पण वेगळं दिसायला नको. शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं आणि मान डोलावली. तिथून पुढं रोज सकाळी नाश्त्याला तो ताईला दुपारचा आणि रात्रीचा मेनू दाखवायचा. मोकळ्या मनानं बोला, ही माणसं खरंच करतात. आणि जर्मनमधले चार शब्द पाठ करून जा: रिंड म्हणजे गाय-बैल, काल्ब म्हणजे वासरू, श्वाइन डुक्कर, हून कोंबडी. व्हिएन्नाचं खरं 'वीनर श्नित्झेल' काल्बचंच असतं, हे बऱ्याच जणांना खाऊन झाल्यावर कळतं.

रविवार १९ मे, लिंत्झ. त्या दिवशी पेंटेकॉस्ट हा ख्रिस्ती सण होता आणि सोमवारीही सुट्टी, म्हणजे सलग दोन दिवस दुकानं बंद. आम्हाला माहीतच नव्हतं. ताईच्या गुडघ्याचं क्रीम संपलं होतं ते मंगळवारपर्यंत मिळालं नाही, बोटीवरच्या एका जर्मन बाईंनी त्यांचं दिलं. तारखा ठरवताना तिथल्या सुट्ट्या बघा. कॅफे उघडे होते हे नशीब. लिंत्झर टोर्ट खाल्ला, याची १६५३ सालच्या हस्तलिखितातली कृती सापडलेली आहे. बदाम नाहीतर हेझलनटचं पीठ, दालचिनी, लवंग, वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी आणि आत लाल करंटचा आंबट जॅम. खुसखुशीत नानकटाईला लवंगेचा वास आला तर कसा लागेल तसा. ताईनं अख्खा संपवला.

इथपर्यंत आम्ही प्रत्येक जेवण बोटीवर घेत होतो. सकाळचा बुफे, साडेबाराला जेवण, चारला केक, सातला पाच कोर्सचं जेवण आणि दहाला परत काहीतरी. पैसे भरलेत ना मग सोडायचं कसं, असं मनात बसलेलं. त्यासाठी लिंत्झमधून घाईघाईनं परत आलो आणि बोटीवर कुठंही मिळेल असा पास्ता खाल्ला. त्या रात्री मी ताईला म्हटलं, उद्यापासून दुपारचं जेवण काठावर. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. जेवणाचे पैसे गेलेलेच आहेत, पण त्या गावात परत कधी येणार?

सोमवारी मेल्क आणि मग वाखाउ खोरं. मेल्कचा मठ भव्य आहे, सोनेरी आहे, लायब्ररी बघाच, पण माझं मन पुढं होतं. मेल्कहून निघालं की दोन्ही काठांवर दगडी पायऱ्यांची द्राक्षशेती आणि मधे जर्दाळूची झाडं, बोट दिवसा चालते त्यामुळे सगळे वर डेकवर. काठावर किलोमीटरच्या पाट्या दिसतात आणि आकडे उतरत जातात, कारण डॅन्यूब मुखापासून उलटी मोजतात, काळ्या समुद्राजवळ सुलिनाला शून्य. व्हिएन्ना १९२९, बुडापेस्ट १६४७. ताईला त्या पाट्यांचा नादच लागला.

ड्युर्नश्टाइनला उतरलो आणि एका दारावर पाइनची डहाळी टांगलेली बघून आत शिरलो. डहाळी म्हणजे आज उघडं आहे. शेतकऱ्यानं स्वतःची वाइन स्वतःच्या अंगणात विकायची परवानगी सम्राट जोसेफ दुसरा यानं १७८४ मध्ये दिली, तेव्हापासून हे चाललंय. लाकडी बाकं, द्राक्षाच्या वेलीखाली सुट्टीला आलेली स्थानिक कुटुंबं, एका आजोबांनी सरकून आम्हाला जागा दिली. मी फेडरश्पील घेतली, वाखाउत हलक्या वाइनला श्टाइनफेडर, मधलीला फेडरश्पील आणि जड वाइनला श्माराग्ड म्हणतात. बरोबर काळा पाव आणि लिप्टाउअर, चक्क्यासारख्या चीजमध्ये पाप्रिका (लाल मिरचीची पूड), कांदा, शहाजिरं. ताईनं पर्समधून मेतकूट काढून त्यावर भुरभुरलं. छान लागलं, खरंच.

मारिलेनक्नोडेलही तिथंच खाल्ले. आपल्या उकडीच्या मोदकाचे लांबचे भाऊ. चक्का आणि पिठाची पारी, आत अख्खा जर्दाळू, बी काढून तिथं साखरेचा खडा, पाण्यात उकळून लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचे. फोडला की केशरी रस ओघळतो. मेमध्ये ताजा जर्दाळू नसतो, आम्हाला मिळाला तो फ्रोझन होता हे तिथल्या बाईंनी स्वतःहून सांगितलं. ताज्यासाठी जुलैत जावं लागेल.

मंगळवार-बुधवार व्हिएन्ना. इथं बोटी एकमेकींना चिकटून उभ्या करतात. आमची तिसरी होती, म्हणजे काठावर जायला दोन परक्या बोटींच्या लॉबीतून चालायचं आणि खिडकीसमोर दुसऱ्या बोटीची खिडकी, पडदे बंद ठेवा. धक्का राइशब्रुकेजवळ, पाच-सात मिनिटं चालून यू१ मेट्रो, थेट शहराच्या मध्यावरचा श्टेफान्सप्लाट्झ चौक. तिकीट तेव्हा २ युरो ४० सेंट, ते मशीनमध्ये पंच करावं लागायचं. बोट कंपनीची शहर सहल माणशी ५५ युरोची होती, ती आम्ही घेतली नाही.

नाशमार्क्टमध्ये, म्हणजे तिथल्या मंडईत, मी दोन तास हरवले. व्हिएन्नाजवळच्या मार्खफेल्ड भागातल्या श्पार्गेलच्या जुड्या, जाडीप्रमाणे वेगळ्या लावलेल्या. संध्याकाळी उभ्याउभ्या वुर्स्टलश्टांडवर, म्हणजे सॉसेजच्या टपरीवर, केझेक्राइनर, आत चीजचे तुकडे असलेला सॉसेज, पहिला घास जपून घ्या, गरम चीज उडतं. बाजूला किसलेलं हॉर्सरॅडिश, ते नाकात जातं तेव्हा मोहरी फेसल्याची आठवण येते. ताई तेवढ्यात पलीकडच्या बाकावर खाकरा खात बसली होती. मग दोघी कॉफीहाउसमध्ये. मेलांज मागवली की छोट्या ट्रेमध्ये कॉफी, पाण्याचा ग्लास आणि ग्लासवर उपडा चमचा. एका कॉफीवर दीड तास बसलो, कुणी उठवलं नाही, उलट पाण्याचा ग्लास बदलून दिला. तिथल्या प्रसिद्ध झाखरटोर्ट या चॉकलेट केकपेक्षा मला ते बसणं जास्त आवडलं.

त्या रात्री ताईनं आंबापोळीचं एक पाकीट मॅनेजरच्या हातात दिलं, किचनसाठी. थोड्या वेळानं शेफच बाहेर आला, रोमानियाचा, दाढीवाला. त्यानं कडेचा तुकडा तोडला, डोळे मिटून चावला आणि म्हणाला, अॅप्रिकॉट? ताई म्हणाली, मँगो. ओन्ली मँगो अँड सन. त्यानं परत एक तुकडा घेतला. बुधवारी सकाळी ताईच्या टेबलावर जर्दाळूच्या जॅमचा पालाचिंकन आला, आपल्या घावनासारखा पातळ, मेनूत नसलेला. ताईचे डोळे भरून आले. तिला आयुष्यभर लोकांना जेवायला घालायची सवय, कुणी तिच्यासाठी वेगळं करणं हे तिला नवीन होतं.

गुरुवारी ब्रातिस्लावा, म्हणजे ताईचा उपास. उकडलेले बटाटे, दही, केळं, राजगिऱ्याचा लाडू, काहीही अडचण आली नाही. मी ब्रिंझोवे हालुष्की खाल्ले, बटाटा आणि पिठाचे छोटे गोळे आणि मेंढीच्या दुधाचं खारट चीज. वर बेकनचे तुकडे असतात, शाकाहारी असाल तर आधीच नको म्हणा. आक्रोडाचे आणि खसखशीचे रोझ्की, म्हणजे सारण भरलेले गोड रोल, बांधून घेतले. इथं एक महत्त्वाचं, आमचं परतीचं विमान दुबईमार्गे होतं आणि तिथं खसखस नेणं गुन्हा आहे. खसखशीचे सगळे बोटीवरच संपवले आणि बॅग झटकून घेतली.

शुक्रवारी बुडापेस्ट. इथं युरो नाही, फोरिंट, तेव्हा एका युरोला चारशेच्या जवळ. एटीएम 'तुमच्या चलनात कन्व्हर्ट करू का' विचारतं, नाही म्हणायचं. १८९७ सालच्या मोठ्या मार्केट हॉलमध्ये सकाळीच गेलो, शनिवारी तो दुपारी लवकर बंद होतो. लाल मिरच्यांच्या माळा बघून दोघींना एकदम घरी आल्यासारखं झालं. पाप्रिकाच्या डब्यावर एडेश म्हणजे गोड, चिपोश म्हणजे तिखट. विकणाऱ्या बाईंनी हातवारे करून दाखवलं, कांदा परतायचा, भांडं आचेवरून खाली घ्यायचं, मग पाप्रिका, नाहीतर करपून कडू होते. आम्ही तिखटाला हेच करतो, असं मी हातवाऱ्यांनीच सांगितलं, आणि दोघी हसलो. गुयाश तिथं मांसाचं पातळ सूप असतं, घट्ट हवं तर प्यॉर्क्योल्ट मागायचं. ताईसाठी लांगोश, तळलेली मोठी जाड पुरी, वर लसणाचं पाणी, सावर क्रीम, चीज. तळणीचं तेल कुठलं ते मात्र विचारून घ्या, काही ठिकाणी चरबी असते.

रात्री बोट शहरातून एक फेरी मारते, पार्लमेंट उजळलेलं. त्यावर मी काही लिहीत नाही, डेकवर जॅकेट घालून जा एवढंच.

शनिवारी सकाळी नऊला खोली सोडायची. टिप माणशी दिवसाला १० युरो सुचवतात, पाकिटात घालून रिसेप्शनच्या पेटीत. एकूण खर्च माणशी २ लाख ८५ हजार आला, त्यात काठावरचं खाणं आणि फिरणं १७ हजार. टीसीएसचे ८ हजार नंतर परत मिळाले. २६ मेला घरी पोचलो तेव्हा पेटीत नऊ आंबे शिल्लक होते.

त्यानंतर दहाच दिवसांत, जूनच्या सुरुवातीला बातमी आली, दक्षिण जर्मनीत पूर, पासाउत पाणी १० मीटरच्या जवळ. ताईनं मला फोटो पाठवला, नदीकाठचा रस्ता पूर्ण पाण्याखाली. खाली लिहिलं होतं, त्या आजींची खानावळ याच बाजूला ना गं? मी बराच वेळ नकाशात ती गल्ली शोधत बसले. आपल्याकडं पाणी चढायला लागलं की जसे नातेवाइकांना फोन सुरू होतात तसं वाटत होतं, पण फोन करायला नंबर नव्हता. पूर आला की बोटी थांबतात, पाणी फार कमी झालं तरी अडकतात, मग प्रवाशांना बसनं नेतात नाहीतर ट्रिप रद्द. तेव्हा पैसे किती परत मिळतात, हॉटेल कोण देतं, हे बुक करतानाच लेखी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.